एरंडेल लावलेला पट्टा

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे दूध सोसायटीच्या व्हॅनचा पट्टा बदलला ते. लोक शेवटचं म्हणून देवाला गेलेलं सांगतात, लेकीच्या घरी जेवलेलं सांगतात. आमचं हे असं. दारातल्या लिंबाखाली गाडी उभी, तिचं सीट काढून बाजूला टाकलेलं, दोघांचे हात कोपरापर्यंत काळे, आणि दोघं एकमेकांवर खेकसतोय. त्यानंतरचं सगळं दवाखान्याचं. ऑपरेशन, सलाईन, कॉटखाली झोपणं, आणि मग तिचं जाणं. त्यात साधं काही नव्हतं. म्हणून मी त्या एका दिवसाचंच लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळं जसं येतं तसं लिहितो.

त्या वर्षी पाऊस आमच्याकडं फिरकलाच नव्हता. बैलं चाऱ्याच्या छावणीत होती. पाणी टँकरचं, तोही कधी यायचा कधी नाही. मी सोसायटीची व्हॅन चालवायचो. वाड्यावस्त्यांवरचे दुधाचे कॅन गोळा करून येरमाळ्याला पोचवायचे. बायको सोसायटीतच कॅन धुवायला होती. जनावरं आटली तसं दूधही आटलं, पण गाडी फिरत होती.

तिच्या पोटात गाठ झाली होती. सोलापूरचा डॉक्टर म्हणाला, काढावी लागेल. काढणारा मोठा डॉक्टर बाहेरगावाहून यायचा, महिन्यातून एकदाच. तिचा नंबर शुक्रवारी लागला. सकाळी लवकर या, उपाशी या, डोक्यावरून न्हाऊन या, असं सांगितलं. मी विचारलं, "आन् हा नंबर चुकला तर?" म्हणाला, पुढच्या महिन्यात. मी म्हणालो, "तवर गाठ थांबंल का?" त्यानं वर न बघता कागदावर लिहायचं चालू ठेवलं. मला काय ते कळलं.

एस.टी.नं तिला नेता येत नव्हतं. मागच्या खेपेला नेली होती. येडशीच्या पुढं तिला बसवेना आणि उभंही राहवेना. कंडक्टरनं गाडी थांबवली, आम्ही तिला खाली उतरवून बाभळीच्या सावलीत निजवलं. चार बाया पदर धरून उभ्या राहिल्या. घरी आल्यावर ती म्हणाली, "परत त्या लाल डब्यात न्हाय. मेले तर घरात मरंन." जीपगाड्या सगळ्या दुष्काळाच्या कामाला लावलेल्या. सोसायटीचे चेअरमन भला माणूस. म्हणाले, "व्हॅनमधले कॅन काढा, वाकळ टाका, आन् घिऊन जावा बाईला."

आणि बुधवारी भूमच्या बाजूनं येताना ती व्हॅनच मेली. धडधडली नाही, धूर नाही, काही नाही. चालता चालता गप झाली.

ट्रॅक्टरनं ओढत येरमाळ्याला आणली. हायवेवरचा मिस्त्री ट्रक आणि जीपवाला. त्यानं सीट वर करून इंजिनाचं पुढचं झाकण खोललं आणि आतला रबरी पट्टा बोटानं ओढून दाखवला. पट्ट्याला आतल्या अंगाला दात असतात. एका जागी ते सपाट झाले होते.

"दात पडल्यात म्हातारीवानी," तो म्हणाला.

"दुसरा बसव की मग."

"न्हाय बाबा. आमी चेनची इंजनं खोलतो. हे नवं काम. वरचं चाक आन् खालचं चाक, दोन्हीचा मेळ लागतो. एक दात हिकडं-तिकडं झाला तर आतलं आतच एकमेकावर आपटतंय म्हंत्यात. मंग इंजन भंगारात. सोलापूरच्या मिस्त्रीलाच बलवा."

सोसायटीचे सेक्रेटरी त्या दिवशी सोलापुरातच होते. त्यांना फोन लावला. त्यांनी मिस्त्रीला गाठलं. मिस्त्री म्हणाला, येतो सोमवारी. आमचं काम शुक्रवारचं. मी म्हणालो, "साहेब, तुमी नुसता पट्टा घिऊन या. म्या बसवतो."

"तुम्ही? कधी बसवलाय का?"

"बसवताना बघितलाय."

खरंच बघितला होता. आधल्या साली गाडी सोलापूरला दुरुस्तीला नेली तेव्हा मी खोक्यावर बसून सगळं बघत होतो. दोन्ही चाकांवर एकेक खूण असते. दोन्ही खुणा आपापल्या रेघेसमोर आणायच्या, मग पट्टा चढवायचा, ताण द्यायचा, इंजिन हातानं फिरवून खुणा परत बघायच्या. एवढं डोक्यात होतं. हाताला काही ठाऊक नव्हतं.

व्हॅन तशीच ओढत आमच्या दारात आणून लावली. गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं सेक्रेटरी पट्टा घेऊन आले. मी गाडीखाली होतो. खालच्या पुलीचा मोठा नट निघत नव्हता, पान्याला पाईप लावून त्याच्यावर लोंबकळत होतो. आतून ओरडलो, "आगं, तेवढा पट्टा नीट ठिव. मातीत ठिवू नगं."

तिनं नीट ठेवला. तिच्या हिशोबानं नीट.

नट निघाला, जुना पट्टा निघाला. चाकांवरची घाण खरवडून वरची खूण सापडली. खालची सापडायला लई वेळ लागला, गंजात गेली होती. ऊन कलायला लागलं. हात पुसत घरात गेलो. पट्टा खुंटीला होता. बैलांच्या कातडी वाद्या जिथं टांगायचो तिथंच, त्यांच्या मधोमध. आणि वाद्यांसारखाच चमकत होता. वास आला तसा मी जागेवर थांबलो.

"आगं, ह्याला काय लावलंस?"

"एरंडेल," ती चुलीपासून म्हणाली. "लई कोरडा व्हता. वाकवला तर मोडंल आसा. वाद्यांला लावतच व्हते, त्यालाबी बोट फिरवलं."

बोट कसलं. पट्टा ठिबकत होता. आमच्याकडं चामड्याचं जे काही असेल, वादी असो, आसूड असो, त्याला एरंडेल लागायचंच. नाहीतर उन्हाळ्यात चिरा पडतात. बैलं छावणीत गेली तरी ती दर आठवड्याला वाद्यांना तेल द्यायची. बैलं परत येतील तेव्हा वाद्या मऊ असाव्यात म्हणून. सोलापूरहून एवढा आणलेला पट्टा, त्याला का नको? तिचं काही चुकलं नव्हतं. पण सोलापूरच्या मिस्त्रीचा भाऊ त्या दिवशी तेलकट हातानं पट्टा उचलायला गेला होता तर मिस्त्रीनं त्याच्या हातावर पाना मारला होता. म्हणाला होता, ह्याला तेल म्हणजे इख. रबर फुगतं, गरम झालं की दातावरनं सटकतं.

मी उंबऱ्यावर बसलो. ती बाहेर आली.

"कोन मेलं? तोंड का आसं?"

सांगितलं. ती भिंतीला धरून खाली बसली. मग म्हणाली, "म्हंजी म्याच माजी गाडी चुकवली म्हना."

"गप."

"गप काय? दुसरा पट्टा हाय का?"

"न्हाय."

सेक्रेटरी ओट्यावर उभे होते. पांढराशुभ्र पायजमा, हातात छत्री. म्हणाले, "रॉकेलनं पुसा. रॉकेलनं कसलंही तेल निघतं."

मी रॉकेलची बाटली घेतली, चिंधी भिजवली. तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं.

"कॅनच्या रबराचं काय झालं व्हतं, इसरलात?"

मला आठवलं. सोसायटीत एक नवा गडी लागला होता. दुधाच्या कॅनच्या झाकणाला आतून रबराची कडी असते, तिला साय चिकटून वास मारायला लागतो. त्यानं शहाणपणा करून सगळ्या कड्या रॉकेलात बुडवल्या. सकाळी कड्या वड्यासारख्या फुगल्या. एकही झाकण बसेना. अर्धं दूध रस्त्यानं सांडत गेलं.

"त्या रबराचं लोनी आपुन कशानं काढतो?" तिनं विचारलं. मला नाही, सेक्रेटरींना.

ते म्हणाले, "सोड्यानं. सोडा आणि कढत पाणी."

"मंग? मालक तुमीच हायसा सोसायटीचे, आन् रॉकेल सांगताय व्हय?"

"अहो, पण हा पट्टा आहे, कॅनची रिंग नव्हे. इंजिन फुटलं तर संस्था कुणाला विचारणार?"

"मला इचारा म्हनावं. म्या सोलापुरात दवाखान्यात हाय. तितं या म्हनावं."

सोडा घरात होता. पाणी नव्हतं. टँकर आला नव्हता. घरात होतं ते एका हंड्यात, वर झाकण आणि झाकणावर दगड. ते तिच्या न्हाण्याचं होतं. डॉक्टरनं डोक्यावरून न्हाऊन या म्हणाल्यापासून तिनं तांब्या तांब्या करून साठवलं होतं. मला हात धुवायलासुद्धा त्यातलं देत नव्हती. तिनं दगड काढला.

"आगं, न्हायचंय तुला. डॉक्टर—"

"डॉक्टर गाठ काडनार हाय, डोस्कं न्हाय. चूल पेटवा."

आधी तिनं जोंधळ्याचं पीठ घेतलं आणि पट्ट्याला चोळलं. तेल ओढून पिठाचे गोळे झाले. ते झटकले, पुन्हा पीठ. मग परातीत कढत पाणी ओतलं, सोडा टाकला. बाभळीच्या काडीचं दातवण चावून त्याचा कुंचा केला आणि पट्ट्याचा एकेक दात घासायला बसली. मध्ये मध्ये पोटावर हात दाबायची, की पुन्हा घासायची. मी म्हणालो, दे हिकडं. म्हणाली, "तुमचे हात बगा आधी. ग्रीसच्या हातानं धुताय का?"

धुऊन झालं की धोतराच्या पांढऱ्या कोपऱ्यानं दाबून बघायचं. पहिल्यांदा डाग पडला. पाणी फेकून दुसरं घेतलं. परत डाग, फिकट. हंडा तिरका करून तळातलंसुद्धा ओतलं. शेवटी धोतर कोरडं राहिलं. तिनं पट्टा नाकाला लावला.

"येतोय का वास?"

"सोड्याचा येतोय." मग जरा थांबून, "जरासा एरंडेलाचाबी येतोय. पन ते माज्या हाताचं आसंल."

वरचं निघालं होतं. आत किती मुरलं होतं ते तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही. सावलीत वाळवला. तो वाळेपर्यंत तिघं ओट्यावर बसलो. शेजारीण डोकावून म्हणाली, नारळ फोडा गाडीवर. बायको म्हणाली, "नारळानं पट्टा बसत आसता तर म्या सकाळीच फोडला आसता."

आता बसवायचं. इथं माझी खरी पाचावर धारण बसली. वरच्या चाकाला आतून स्प्रिंगा रेटतात. खुणेवर आणून हात सोडला की ते टकन पुढं उडतं. दोनदा आणलं, दोनदा उडालं. ते वरून कुणीतरी धरायचं, तेव्हा मी खालून पट्टा चढवणार. सेक्रेटरींकडं बघितलं. त्यांनी छत्री घट्ट धरली.

"म्या धरते," ती म्हणाली.

"तुला वाकवतंय का?"

"वाकायचं न्हाय, निजायचंय."

सीट काढलेल्या जागेवर तिनं वाकळ टाकली आणि पालथी निजली. हात खाली इंजिनाच्या खोबणीत घातला. मी तिच्या हातात पाना दिला, चाकाच्या नटावर बसवून दिला. खूण रेघेसमोर आणली.

"आता आसाच. केसभर हलवू नगं."

"हलवत न्हाय. तुमी बोलू नगा, करा."

मी खाली शिरलो. पाठीखाली खडे, डोळ्यात माती. वर तिच्या बांगड्या दिसत होत्या, त्याच्या वर काही नाही. खालच्या चाकावर पट्टा टाकला, वर ओढत नेला. नवा पट्टा घट्ट असतो, तो चढेना. एक बाजू चढवली की दुसरी निसटायची. तेवढ्यात वरून तिचा श्वास ऐकू आला. एकदम आत ओढलेला. मग काहीच नाही.

"आगं?"

बांगड्या थरथरत होत्या. मला वाटलं, गेला हात. मी खुणेकडं बघितलं. खूण जिथल्या तिथं.

"आगं, बोल की. काडू का तुला भाईर?"

"बसवा," ती म्हणाली. आवाज दातातून आलेला. "बसवा म्हंते ना."

मी बसवला. कसा चढला मला आजही सांगता यायचं नाही. ताणाची पुली सोडली, ती पट्ट्यावर टेकली. म्हणालो, सोड आता. तिनं सोडला. वर तिचं डोकं वाकळीवर आपटल्याचा आवाज आला. सेक्रेटरी तिला उठवायला गेले. म्हणाली, हात लावू नगा, जराशानं कळ जाईल.

मी खालच्या नटाला पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. हळू. कान लावून. एका जागी जड आलं. मी थांबलो. घाम डोळ्यात गेला. आपटलं का? पुन्हा जरा दाब दिला, ते सुस्कारा टाकून पुढं सरकलं. नुसती आत कोंडलेली हवा होती. पुरे फेरे केले आणि खुणा बघितल्या.

खालची बरोबर होती. वरची एक दात मागं.

मी तसाच पडून राहिलो. वाटलं, काही बोलूच नये. एका दातानं काय होतंय? चालेल कदाचित. लोकांच्या चालत असतील.

"बसला का?" वरून आलं.

मी खूण बोटानं पुसून परत बघितली.

"आवं, बसला का?"

"एक दात मागं हाय."

ती म्हणाली, "मंग काडा."

"तुला परत धरवंल का?"

"उंद्या घाटात हुबं राहून एक दात कुनाला मागू? काडा."

काढला. या खेपेला सेक्रेटरींनी छत्री ठेवली, पायजमा वर खोचला आणि गाडीत चढून तिच्या पोटाखाली सीटची गादी सरकवली. दोन्ही हातांनी तिचे खांदे धरून बसले. त्या पायजम्याचं नंतर काय झालं कोण जाणे. मी आधी ताणाच्या पुलीसमोरची बाजू ओढून घट्ट केली, ढिलाई सगळी पुलीकडं आणली, मग चढवला. तिच्या तोंडून ह्या वेळी आवाज आला, मोठा आला, पण पाना हलला नाही. फिरवलं. थांबलं. परत फिरवलं. दोन्ही खुणा रेघेसमोर आल्या.

झाकण लावेपर्यंत दिवस बुडायला आला होता. किल्ली फिरवली तेव्हा ती लिंबाला टेकून उभी होती. मी म्हणालो, घरात जा. गेली नाही. पहिल्यांदा नुसतं घरघरलं. दुसऱ्यांदा लागलं. कुठं टकटक नाही, खडखड नाही. सेक्रेटरी लहान पोरासारखे हसले.

"कसा वाटतोय?" मी विचारलं.

"बरा हाय आवाज. तुमच्यापरीस तरी बरा."

हात धुवायला पाणी नव्हतं. दोघांनी पिठानं पुसले. तिच्या केसाला ग्रीस लागलेलं, ते तसंच राहिलं. ती बाजेवर निजली. पोटात गोळा आल्यासारखी पाय दुमडून. मी उशाला बसलो, तर म्हणाली, "आता काय गाडीचं बगायचं ऱ्हायलंय का?"

मी नाही म्हणालो. पण ऱ्हायलं होतं. उभ्या गाडीला पट्टा गरम होत नाही. तेल आत मुरलं असेल तर तो पळताना फुगणार, चढाला जोर आला की सटकणार. तुळजापूरच्या घाटात, मागं ती निजलेली, आणि पुढं-मागं कुणी नाही. तेच डोळ्यासमोर येत राहिलं. तिला सांगितलं नाही.

सकाळी उजाडायला लागलं तसा उठलो. ती जागी होती का झोपेत, बघितलं नाही. गाडी ढकलत रस्त्यापर्यंत नेली आणि तिथं चालू केली. येडाई देवीच्या डोंगराचा चढ धरला. गाडी रिकामी. दुसऱ्या गिअरवर टाकली आणि पाय पुरा दाबला, जसा मी कधीच दाबत नाही. इंजिन ओरडायला लागलं. म्हणालो, तुटायचंय तर इथंच तूट. वर गेलो, वळवली, खाली आलो, थांबलो नाही, परत वर. देवळाकडं चाललेल्या एका म्हाताऱ्यानं रस्ता सोडला आणि शिवी दिली. परत खाली, परत वर. चाकं चटका देत होती. वर उभी केली, सीट उचललं, झाकणाचे वरचे बोल्ट ढिले करून बोट आत घातलं. पट्टा गरम होता. फुगला नव्हता. दाबून बघितला, ताण होता तसाच होता. बोट नाकाला लावलं. नुसतं तापलेलं रबर.

झाकण आवळलं आणि घरी आलो. ती दारात उभी, काखेत पिशवी, लुगडं बदललेलं, केस पदराखाली घट्ट बांधलेले.

"कुठं गेलतात? मला वाटलं पळालात."

"पेट्रोल टाकाया," मी म्हणालो.

तिनं गाडीकडं बघितलं, धुळीनं भरलेल्या चाकांकडं बघितलं. पिशवी माझ्या हातात दिली. मी तिला उचलून मागं वाकळीवर निजवलं, दार ओढून घेतलं, आणि गाडी सोलापूरच्या रस्त्याला लावली.